फ्रीलान्सरने दोन कामांच्या मधल्या काळासाठी किती पैसे बाजूला ठेवावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी २०१३ पासून फ्रीलान्स व्हिडिओ एडिटिंग करते, जास्त करून मराठी मालिका आणि मधेमधे जाहिराती, कॉर्पोरेट फिल्म वगैरे. राहते डोंबिवलीत. नवीन एडिटर, कॅमेरा असिस्टंट, ट्रान्सलेटर, डिझायनर, आयटीत कॉन्ट्रॅक्टवर असलेली मुलं, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय. मी सीए नाहीये, टॅक्सचं जे लिहिलंय ते स्वतःचं बिल आणि रिटर्न भरताना कळलेलं आहे, तुमच्या केसमध्ये तुमच्या सीएला एकदा विचाराच.

सगळे म्हणतात सहा महिन्यांचा खर्च ठेवा. तेवढा पुरतो का?

पगारदार माणसासाठी तो आकडा ठीक आहे कारण त्याचं काम ज्या दिवशी सुटतं त्याच दिवशी पैसेही थांबतात, आणि नवीन नोकरी लागली की महिन्याच्या शेवटी पगार येतो. आपलं तसं नाहीये. आपलं काम बंद होण्याची तारीख वेगळी आणि पैसे बंद होण्याची तारीख वेगळी, आणि हे दोन्ही एकच धरले की हिशोब चुकतो.

उदाहरण देते. मालिकांच्या कामात बिल दिल्यावर ९० दिवसांनी पैसे हे नेहमीचं आहे. समजा मालिका फेब्रुवारीअखेर बंद पडली. मार्च, एप्रिल, मे या तिन्ही महिन्यांत तुम्हाला मागच्या बिलांचे पैसे येतच राहतात, त्यामुळे घरी कुणाला काही जाणवत नाही. मेच्या मध्यावर नवीन काम मिळालं, पहिलं बिल ३१ मेला दिलं, ते निघणार ऑगस्टअखेर. म्हणजे जून आणि जुलै पूर्ण कोरडे, ऑगस्टच्या शेवटी येणार तेही अर्ध्या महिन्याचं, आणि पूर्ण महिन्याचे पैसे थेट सप्टेंबरअखेर. काम नव्हतं तेव्हा पैसे येत होते आणि रात्रंदिवस काम चालू आहे तेव्हा खात्यात खडखडाट! काम मिळालं म्हणून घरचे निर्धास्त होतात, आपणही होतो, कुणी फ्रीजचा हप्ता सुरू करतं, कुणी गावाला जाऊन येतं, आणि खरी ओढाताण सुरू होते ती त्यानंतर.

म्हणून किती महिने हे दुसऱ्याच्या आकड्यावरून ठरवू नका.

मग माझा आकडा मी कसा काढू?

बँकेचं मागच्या तीन वर्षांचं स्टेटमेंट काढा, प्रिंट काढलीत तर उत्तम. कामाचे पैसे जमा झालेल्या तारखांना पेनाने गोल करा. आता दोन गोलांच्या मधलं सगळ्यात मोठं अंतर शोधा. काम कधी संपलं, कधी मिळालं ते बघूच नका, फक्त पैसे जमा झाल्याच्या तारखा. दहा-पाच हजारांची किरकोळ पेमेंट सोडून द्या, महिन्याचा खर्च भागेल एवढी रक्कम आली तरच गोल करायचा.

त्या अंतरात अजून एक गोष्ट मिळवा: तुमच्या मोठ्यातल्या मोठ्या क्लायंटने शेवटची दोन बिलं अडकवली तर अंतर किती वाढेल. मिळून जे येतं तो तुमचा आकडा.

माझ्या बाबतीत हे खरंच झालंय. एक मालिका फेब्रुवारीत अचानक बंद झाली आणि जानेवारी-फेब्रुवारीची दोन बिलं त्या प्रॉडक्शनकडे अडकली. डिसेंबरचे पैसे मार्चअखेर आले आणि त्यानंतर थेट ऑगस्टअखेर, म्हणजे मधे पाच महिने काहीच नाही. तेव्हा माझ्याकडे जेमतेम दोन महिन्यांचे पैसे होते. जूनमध्ये आईच्या बांगड्या गहाण ठेवल्या, त्या सुटल्यासुद्धा, पण त्याहून मोठं नुकसान असं झालं की घाबरून मी एपिसोडला २,५०० चा रेट सोडून १,६०० ने काम घेतलं आणि पुढे दोन वर्षं मला सगळे १,६०० वालीच समजत होते. हे नुकसान बांगड्यांच्या व्याजाच्या कितीतरी पट होतं, आणि त्याच्यासाठीच मी हा विषय लोकांना इतकं सांगत असते.

महिन्याचा खर्च म्हणजे नक्की काय काय धरायचं?

घर चालू ठेवायला लागतं ते सगळं, हॉटेल-फिरणं सोडून. माझ्यासारख्या तीन माणसांच्या घराचा अंदाज असा: भाडं १६,०००, किराणा-दूध-भाजी १२,०००, लाईट-गॅस-मोबाईल-नेट ३,५००, लोकल आणि रिक्षा २,५००, शाळा ४,५००, आईची औषधं २,५००, लॅपटॉपचा हप्ता ५,०००, सॉफ्टवेअर आणि हार्ड डिस्क २,०००, मेडिक्लेम आणि टर्म इन्शुरन्सचा वर्षाचा हप्ता बाराने भागून २,०००. झाले ५०,०००.

लोक दोन गोष्टी हमखास विसरतात. एक म्हणजे वर्षातून एकदा येणारे खर्च, शाळेची फी, इन्शुरन्स, भाड्याचा करार रिन्यू करताना ब्रोकर आणि रजिस्ट्रेशन, गणपती. आणि दुसरं म्हणजे काम मिळवायचा खर्च. काम नसताना प्रवास कमी होत नाही, उलट वाढतो, कारण चार ठिकाणी भेटायला जावं लागतं, आणि नेट, सॉफ्टवेअर बंद करून चालत नाही.

मी सात महिन्यांचे म्हणजे साडेतीन लाख ठेवते, हाच माझा इमर्जन्सी फंड. पाच माझ्या स्टेटमेंटमधून आलेले, दोन आईसाठी.

सात महिने खूप होतात, मला एवढं शक्य नाही. कमी चालेल का?

चालेल, कामाचा प्रकार बघा. तुमच्याकडे तीन-चार वेगवेगळे क्लायंट असतील, त्यातला कुणीही एकूण उत्पन्नाच्या अर्ध्यापेक्षा जास्त देत नसेल आणि पैसे ३० दिवसांत येत असतील तर तीन-चार महिन्यांत भागतं. घरात नवरा किंवा बायको पगारदार असेल तर आकडा काढताना फक्त तुमचा वाटा धरा. पण एकच क्लायंट असेल आणि भाड्याचं घर असेल तर सहाच्या खाली जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, मग तो क्लायंट कितीही चांगला असो.

पुण्यात हिंजवडीला वगैरे आयटीत थर्ड पार्टी पेरोलवर (काम एका कंपनीत, पगार दुसऱ्या एजन्सीकडून) असलेल्यांना महिन्याला पैसे येतात म्हणून सुरक्षित वाटतं, पण प्रोजेक्ट संपल्यावर बेंचचे, म्हणजे पुढचा प्रोजेक्ट मिळेपर्यंतच्या रिकाम्या काळाचे, पैसे मिळणार का आणि नोटीस किती दिवसांची, १५ की ३०, हे करारात वाचा. बेंच नसेल तर तुम्ही आमच्यासारखेच.

आम्ही नवरा-बायको दोघं याच लाईनमध्ये आहोत. दोन उत्पन्नं आहेत म्हणजे फंड कमी चालेल ना?

नाही. एकाच इंडस्ट्रीतली दोन उत्पन्नं संकटाच्या वेळी एक उत्पन्न असतात. १९ मार्च २०२० ला मुंबईत शूटिंग बंद झालं तेव्हा कॅमेरामन, मेकअप, एडिटर, लाईटवाले सगळे एकाच दिवशी घरी बसले आणि तीन महिने तरी कुणालाच काही नव्हतं. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात परत बंद झालं, बऱ्याच मराठी मालिका गोव्यात गेल्या, मे महिन्यात तिथलीही परवानगी काढून घेतली. जी दोघं या लाईनमध्ये होती त्यांना दोन्ही वेळा एकमेकांचा आधार झाला नाही, पैशाच्या बाबतीत म्हणतेय. दोघांपैकी एकाने तरी दुसऱ्या क्षेत्रातला एखादा छोटा क्लायंट धरून ठेवावा, शाळेचे व्हिडिओ, हॉस्पिटलचे, काहीही.

मी वेडिंग फोटोग्राफर आहे. चार महिने काम नसतंच. तो काळ या फंडातून काढायचा का?

अजिबात नाही. जे दरवर्षी होणार हे माहीत आहे ती इमर्जन्सी नाही. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी चातुर्मास, काढीव मुहूर्तावर थोडी लग्नं होतात पण भरवसा नाही, खरा सीझन तुळशीच्या लग्नानंतर. त्यात पौषात बरेच लोक लग्न करत नाहीत. या काळाचा खर्च सीझनच्या कमाईतून वेगळ्या खात्यात काढून ठेवायचा आणि इमर्जन्सी फंड त्याच्याही वेगळा.

पंचांग बघायची सवय लावा हे मनापासून सांगते. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे उन्हाळ्याच्या सीझनचा ऐन महिना गेला. २०२३ ला अधिक श्रावण होता तो तसाही चातुर्मासातच गेला, कुणाला फरक पडला नाही. एवढी मोठी गोष्ट आधी छापून येते तर तिची तयारी आधी करता येते.

टीडीएस कापलेले पैसे परत येतातच ना? ते यात धरू का?

धरू नका. टीडीएस म्हणजे क्लायंट आपल्या बिलातून आधीच कापून सरकारकडे भरतो तो टॅक्स. लाखाचं बिल, १० टक्के टीडीएस, हातात ९०,०००. वर्षभरात ९ लाखांची बिलं असतील तर ९०,००० सरकारकडे जमा झालेले असतात. तुमचं काम अनुमानित उत्पन्नाच्या स्कीममध्ये बसत असेल, म्हणजे बिलाच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरायची ती, तर करपात्र राहतात साडेचार लाख आणि नवीन टॅक्स पद्धतीत त्यावर कर शून्य, म्हणजे सगळे ९०,००० परत मिळायला पाहिजेत. पैसे तुमचेच आहेत. पण कधी मिळतात, तर वर्ष संपल्यावर, रिटर्न भरल्यावर, ते प्रोसेस झाल्यावर. एप्रिलमध्ये कापलेला टीडीएस हातात यायला सव्वा वर्षसुद्धा जातं. रिफंड आला की तो थेट फंडात टाका, पण यायच्या आधी मोजू नका. आणि रिटर्न लवकर भरा, शेवटच्या तारखेची वाट कशाला बघायची, टीडीएसच्या नोंदी दिसायला लागल्या की भरून टाका.

ज्यांचे क्लायंट परदेशातले किंवा वैयक्तिक आहेत त्यांचं उलटं, टीडीएस कापलाच जात नाही, सगळे पैसे हातात येतात आणि ते सगळे आपले वाटतात. त्यातला टॅक्स त्याच दिवशी बाजूला काढा. अनुमानित स्कीमवाल्यांना अॅडव्हान्स टॅक्स (वर्ष संपायच्या आत भरायचा टॅक्स) एकदाच, १५ मार्चपर्यंत. बाकीच्यांना जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेला.

आणि जीएसटी?

जीएसटीचं जास्त सांभाळा, याच्यात नवीन लोक सगळ्यात जास्त फसतात. सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या वर गेलं की रजिस्ट्रेशन लागतं. मग तुम्ही बिल काढलं की १८ टक्के देणं लागू झालं, क्लायंटने पैसे दिले असोत नसोत. ३ लाखांचं बिल, त्यावर ५४,००० जीएसटी, क्लायंट देणार ९० दिवसांनी आणि तुम्ही भरणार पुढच्या महिन्याच्या २० तारखेला. म्हणजे गॅप चालू असताना वरून ५४,००० आपल्या खिशातून. जीएसटीवाल्यांनी आपल्या आकड्यात एका मोठ्या बिलाचा जीएसटी वाढवून धरावा. तिमाही रिटर्नचा पर्याय घेतलात तरी मधल्या महिन्यांत रक्कम भरावी लागते हे लक्षात असू द्या.

पैसे ठेवायचे कुठे?

मी तीन ठिकाणी ठेवते. एका महिन्याचे साध्या सेव्हिंग खात्यात, पण रोजच्या यूपीआयला जोडलेल्या खात्यात नाही, वेगळ्या बँकेत. तीन महिन्यांचे स्वीप इन एफडीत, म्हणजे लागले तेवढेच मोडले जातात, बाकीच्यावर व्याज चालू राहतं. उरलेले लिक्विड फंडात, म्हणजे पैसे लवकर काढता येतात अशा म्युच्युअल फंडात. लिक्विड फंडातून बऱ्याच ठिकाणी ५०,००० किंवा तुमच्या रकमेच्या ९० टक्के, यातलं जे कमी असेल ते लगेच काढता येतं, बाकीचे पुढच्या कामकाजाच्या दिवशी. पहिल्या सात दिवसांत काढले तर थोडा एक्झिट लोड (पैसे काढण्याचा आकार) लागतो, त्यानंतर नाही.

व्याज किती मिळतं यावर फार डोकं खपवू नका. हे पैसे कमवण्यासाठी ठेवलेले नाहीत.

आमच्या ओळखीची पतसंस्था दीड-दोन टक्के जास्त देते, तिथे ठेवू का?

बाकीचे पैसे तुमच्या जबाबदारीवर ठेवा, हे नको. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक बँकेमागे ५ लाखांपर्यंत विमा आहे (४ फेब्रुवारी २०२० पासून, आधी फक्त १ लाख होता), सहकारी बँकांनाही आहे, पण पतसंस्था ही बँक नाही आणि तिला तो विमा लागू नाही. आणि विमा असला तरी पैसे त्याच आठवड्यात मिळतात असं नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. म्हणून दोन बँकांत विभागून ठेवा.

भिशी, सोनं, पीपीएफ, शेअर?

भिशी शिस्तीसाठी चांगली, पण पैसे आपला नंबर लागेल तेव्हा मिळणार, गरज लागेल तेव्हा नाही, आणि गॅपमध्ये तिचा हप्ता मात्र द्यावाच लागतो. पीपीएफ १५ वर्षांचं, ते म्हातारपणासाठी असू द्या. शेअर आणि इक्विटी फंड यासाठी नकोच, २०२० च्या मार्चमध्ये कामंही थांबली आणि बाजारही त्याच महिन्यात कोसळला. सोनं ही शेवटची फळी आहे, तारण ठेवून लवकर पैसे मिळतात, पण ते फंडात मोजू नका. घरातल्या बाईच्या अंगावरचं सोनं काढायला लागणं याचा जो त्रास होतो तो व्याजाच्या टक्क्यात दिसत नाही.

कमाई कधी ८०,००० कधी शून्य, यातून साठवायचं कसं?

स्वतःला पगार द्या. क्लायंटचे सगळे पैसे एका खात्यात येऊ द्या, तिथून दर महिन्याच्या १ तारखेला ठरलेली रक्कम, माझ्या बाबतीत ५०,०००, घरखर्चाच्या खात्यात. चांगला महिना असला तरी तेवढेच. वर जे उरतं त्यातून आधी टॅक्स आणि जीएसटी, मग फंड. मला हे अंगवळणी पडायला आठ महिने लागले, सुरुवातीला मी दर वेळी मधेच पैसे ओढत होते, मग त्या खात्याचं एटीएम कार्ड आईकडे देऊन टाकलं.

एकदम साडेतीन लाखांकडे बघू नका, दडपण येतं. पहिलं टार्गेट फक्त एक महिन्याचं भाडं आणि मेडिक्लेमचा हप्ता. मग एक महिना, मग तीन. मला सात महिने व्हायला चार वर्षं लागली.

क्रेडिट कार्डाचं कर्ज आहे. आधी ते फेडू की फंड?

एक महिन्याचा खर्च बाजूला ठेवा आणि मग सगळा जोर कार्डावर. कार्डाचं व्याज महिन्याला ३ ते पावणेचार टक्के, वर्षाचे ४० च्या आसपास जातात, त्याच्यापुढे कुठलीच एफडी टिकत नाही. पण फंड अगदी शून्य ठेवून कार्ड फेडलंत तर पुढच्या गॅपला परत त्याच कार्डावर याल.

आजारपणही याच फंडातून?

नको. मेडिक्लेम वेगळा पाहिजेच, नोकरी सोडताना कंपनीचा असतो तो सुटतो. सोडायच्या आधीच त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेता येते का विचारा, म्हणजे वेटिंग पिरियडचा (काही आजारांना सुरुवातीची जी वर्षं विमा मिळत नाही त्याचा) फायदा टिकू शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी काढलाय, तेवढा हप्ता हलका झालाय.

क्लायंट पैसेच देत नाही. फंड त्यामुळे संपतोय. काही करता येतं का?

येतं, आणि ते आधी करून ठेवायला लागतं. उद्यम या छोट्या उद्योगांच्या सरकारी पोर्टलवर रजिस्ट्रेशन करा, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असेल तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे, उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी बिलं वेळेत दिली नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी टॅक्समध्ये दाखवता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतः फोन करायला लागलेत. बिलावर उद्यम नंबर छापा. तक्रार करायची वेळ सहसा येत नाही, पण नंबर दिसला की बिल जरा वर सरकतं हा माझा अनुभव आहे.

आणि नवीन क्लायंटकडून ३० टक्के अॅडव्हान्स मागा. लाजू नका. अॅडव्हान्स मिळाला की गॅप एका झटक्यात दोन-तीन महिन्यांनी कमी होतो, दुसऱ्या कुठल्याच उपायाने एवढा होत नाही.

लॅपटॉप गेला तर फंडातून घेऊ का?

दुसरा इलाज नसेल तर घ्या, नाहीतर काम बंद होईल. पण मशीन चार-पाच वर्षांत जाणार हे आपल्याला माहीत असतं, त्यामुळे महिन्याला दोन-तीन हजार वेगळे टाकत राहा.

भावाच्या लग्नाला, मामाच्या ऑपरेशनला घरचे मागतात. नाही कसं म्हणायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचं सोपं उत्तर नाही. पगारदार भावाकडे कुणी त्याचा पुढच्या सहा महिन्यांचा पगार मागत नाही, पण आपल्या खात्यात तीन लाख दिसले की ते पडून आहेत असं घरच्यांना वाटतं. मी आईला आणि काकांना स्टेटमेंट दाखवून समजावलं की हे शिल्लक पैसे नाहीत, हा माझा पुढचा पगार आहे जो मी आधीच आणून ठेवलाय. हे वाक्य त्यांना पटलं. तरी मामाच्या बायपासला मी ४०,००० दिले आणि परत कधी मागितले नाहीत, कारण तिथे नाही म्हणणं मला जमणार नव्हतं. तुम्हीही देणार असाल तर परत येणार नाहीत असं धरून द्या आणि पुढच्या दोन पेमेंटमधून आधी ती जागा भरा.

गॅप चालू झालाय. फंड कसा वापरू?

पहिल्या दिवसापासूनच खर्च कमी करा, पैसे संपत आल्यावर नाही. पूर्ण फंड असेपर्यंत आपल्या रेटवर ठाम राहा, ओळखीच्या सगळ्यांना सरळ सांगा की मी मोकळी आहे, लपवू नका. फंड निम्मा झाला की वेगळ्या प्रकारची कामं घ्यायला सुरुवात करा, लग्नाचे व्हिडिओ, यूट्यूबवाले, क्लास, जे येईल ते. फक्त नेहमीच्या क्लायंटला नेहमीच्या कामाचा रेट कमी करून देऊ नका, तो परत वर जात नाही. वेगळ्या कामाला वेगळा रेट असला तर कुणी विचारत नाही.

आणि फंड संपतच आला तर?

एक महिन्याचे पैसे शिल्लक असतानाच हालचाल करा. एफडी असेल तर मोडण्याऐवजी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (लागेल तेवढं उचलायचं कर्ज) मिळतो, एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याजाने. त्यानंतर सोनेतारण, बँकेकडून, सावकाराकडून नाही. मोबाईलवरच्या झटपट लोन अॅपला हात लावू नका. घरमालकाला आधीच जाऊन भेटा, भाडं थकल्यावर नाही, आमच्या घरमालक काकांनी तेव्हा दोन महिने डिपॉझिटमधून वळते करून घेतले होते. हप्त्यांमध्ये मेडिक्लेम सगळ्यात शेवटी थांबवा. वार्षिक हप्ता असेल तर भरायला साधारण ३० दिवसांची सवलत असते, महिन्याचा असेल तर १५, आणि ती उलटून गेली की वेटिंग पिरियडची वर्षं परत पहिल्यापासून मोजली जाऊ शकतात.